आप्पांची चूळ

कंट्रोलर आप्पांना टाळण्यासाठी एक माणूस वडवणीहून माजलगावला जाऊन आला. त्याचं माजलगावात काहीही काम नव्हतं. तो स्टँडवर चहा प्यायला आला होता, समोरून आप्पा येताना दिसले, आणि जी गाडी सुटत होती तिच्यात तो चढला. संध्याकाळी परत आला तेव्हा आप्पा बाकावर बसलेलेच होते. "हां, तर मी काय सांगत होतो," ते म्हणाले.

ही ऐकीव गोष्ट नाही. तो माणूस माझा सख्खा मामा.

आप्पांचं नाव भगवान डोंगरे. आमच्या स्टँडवर ते कंट्रोलर होते. गाडी आली की खिडकीतून तिचं गाव आणि रस्ता पुकारायचा, ही त्यांची नोकरी. नोकरी संपली, पुकारणं संपलं नाही. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते यायचे आणि नव्या कंट्रोलरच्या खिडकीखाली बसून त्याच्या आधी गाडी पुकारायचे. नव्यानं सुरुवातीला तक्रार केली, मग तो आत बसून मोबाइलवर सिनेमे बघू लागला. गाड्या पुकारल्या जात होत्या, तक्रार करणाराच खूश होता, मग चौकशी कोण करणार?

घरीही तेच. "जेवण लागलेलं आहे. भाकरी, पिठलं, ठेचा. जेवणाऱ्यांनी आपापल्या जागा घ्याव्यात." जेवणारे दोघंच, ते आणि काकू. काकू लग्नानंतर थोड्याच वर्षांत कानात कापसाचे बोळे घालू लागल्या होत्या. ते बोळे फक्त विहारात वंदनेच्या वेळी निघायचे. जयंतीच्या कार्यक्रमात आप्पांचं भाषण ठरलेलं नसायचं आणि तरी ते व्हायचं, म्हणून माइकची वायर माझे वडील शेवटपर्यंत स्वतःच्या खिशात ठेवायचे.

दर चार वाक्यांनी आप्पा विचारायचे, "बरोबर हाय का न्हाई?" आणि उत्तर यायच्या आत पुढं जायचे. स्टँडवरचा चहावाला म्हणायचा, आप्पाला उत्तर लागतच न्हाई, नुसता माणूस लागतो.

आमच्या घरात पत्रकं छापली जायची. मी अक्षरं पत्रकांवर शिकले आणि भांडायलाही. आप्पा मला 'पत्रकवाली' म्हणायचे. माझं पत्रक हातात पडलं की ते दोन गाड्यांच्या मध्ये पुकारून टाकायचे: "माजलगाव गाडी लागलेली आहे. सरकारी शाळा बंद करण्याचा डाव हाणून पाडा. तेलगावला जाणाऱ्यांनी याच गाडीत बसावं." माझ्या चळवळीचा इतका प्रसार दुसऱ्या कुणी केला नाही. एक म्हातारी मात्र शाळा बंद पाडायला निघालेल्या गाडीत बसायला तयार नव्हती, तिला समजावण्यात अर्धा तास गेला.

आता सनाबद्दल सांगायला हवं, कारण आप्पांची खरी गोष्ट तिच्यापासून सुरू होते.

स्टँडच्या भिंतीला लागून मुजीबभाईंचं गॅरेज आहे. मागच्या खोल्यांत बिऱ्हाड. मुजीबभाई दिवसभर इंजिनांच्या आवाजात असतात, त्यामुळं त्यांना बोलायची सवय नाही. पाना पाहिजे असेल तर बोट दाखवतात, गिऱ्हाइकाला 'झालं' सांगायचं असेल तर मान हलवतात. बायको शबाना शिलाई करते. सना ही त्यांची मुलगी. दोन वर्षांची होऊन गेली होती आणि एक शब्द बोलत नव्हती.

याची कारणं सगळ्यांकडं तयार होती. मुजीबभाईंची आई, म्हणजे दादी, म्हणायची की मुजीब पण उशिराच बोलला होता. हा पुरावा कच्चा होता, कारण मुजीबभाई अजूनही फारसे बोलत नव्हते. शेजारणी म्हणायच्या, जीभ जड हाय. दादीनं राघूनं टोचलेला पेरू चारायला सुरुवात केली. राघूचं उष्टं खाल्लं की पोर राघूसारखं बोलतं, असं आमच्याकडं मानतात. पेरूंना मागणी वाढली तेव्हा फळवाल्यानं राघूची वाट बघणं सोडलं आणि तो स्वतःच नखानं पेरू टोचू लागला. म्हणजे सना काही महिने त्या फळवाल्याचं उष्टं खात होती. तोही तसा बोलका होताच.

आपल्याकडं मूल बोललं नाही की खटला जिभेवर भरतात. कान निर्दोष सुटतात. त्यांना कुणी हजरच करत नाही.

कानाचा विषय निघाला की मुजीबभाई उठून एका जुन्या मोठ्या फटफटीला किक मारायचे. धडाड धडाड सुरू झालं की जमिनीवर खेळणारी सना वळून बघायची. मुजीबभाई मान हलवायचे: झालं. शिवाय शबानाला आठवायचं की तान्ही असताना सना चांगली हुंकार द्यायची, आ-ऊ करायची. बहिरं लेकरू कसं आवाज काढेल? नंतर ते आवाज कमी होत गेले, तेव्हा घरच्यांनी ठरवलं की पोरगी शहाणी झाली.

आणि आप्पा? आप्पांच्या मते सना ही तालुक्यातली सगळ्यात हुशार पोर होती.

कारण ती पळून जात नव्हती. गॅरेजच्या उंबऱ्यावर बसून आप्पा तिला गाड्यांचं वेळापत्रक, डिझेलचा इतिहास, काकूंचा स्वभाव, सगळं सांगायचे आणि सना त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघत बसायची. "मोठमोठी माणसं उठून जातात. ही पोरगी शेवटपर्यंत ऐकती," ते स्टँडभर सांगायचे. त्या दिवसांत त्यांची चाल बदलली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना श्रोता मिळाला होता.

मग आप्पांनी दाढ काढली. डॉक्टरांनी वारा लागू देऊ नका म्हणून सांगितलं, तर आप्पा तोंडाला दस्ती बांधून उंबऱ्यावर आले आणि दस्तीच्या आतून बोलू लागले. सनानं त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि ती उठून गेली. आप्पांनी तिला परत आणून बसवलं, ती परत गेली.

आप्पा तक्रार घेऊन थेट शबानाकडं गेले. माझा ब्लाउज तिच्याकडं शिवायला होता, म्हणून मी तिथंच बसले होते. आप्पांचा चेहरा एका गालानं सुजलेला आणि दोन्ही डोळ्यांनी दुखावलेला होता. "शबाना, तुझी पोरगी मला टाळायली," ते म्हणाले. "सगळं गाव टाळतं, मी कधी बोललो का? पन हिनं कावून?"

शबानाचा पाय शिलाई मशीनवर थांबला. ती आप्पांच्या तोंडावरच्या दस्तीकडं बघत राहिली. मग तिनं सनाला समोर बसवलं, ओढणी स्वतःच्या तोंडावर घेतली आणि हाक मारली, "सना." सना फरशीवरच्या चिंध्या वेचत होती. शबानानं आणखी मोठ्यानं हाक मारली. मग ओढणी खाली केली, सना वर बघेपर्यंत ती थांबली, आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले: सना. पोरगी हसली आणि दोन्ही हात वर करून तिच्याकडं आली.

मुजीबभाईंना हे पटलं नाही. त्यांनी फटफटीकडं बोट दाखवलं. तेव्हा शबानानं सनाला बाजेवर, जाड गोधडीवर, पाठमोरी बसवलं. पाय जमिनीला लागत नव्हते, जमिनीची थरथर तिच्यापर्यंत पोचत नव्हती. मुजीबभाईंनी किक मारली. मग रेस केली. आणखी केली. सगळा स्टँड वळला. बीडच्या गाडीतल्या लोकांनी खिडकीतून माना बाहेर काढल्या. सना गोधडीचा एक सुटलेला दोरा ओढत राहिली.

मुजीबभाईंनी गाडी बंद केली. त्या शांततेत आप्पांनी तोंडावरची दस्ती सोडली.

"म्हंजे एवढे दिवस," ते म्हणाले, "ती माझं ऐकत नव्हती?"

आणि आप्पा चक्क उत्तराची वाट बघत होते.

बीडला कान तपासले. दोन्ही कानांनी पोरीला फार कमी ऐकू येत होतं, जन्मापासून. कानाच्या मॅडमनी समजावून सांगितलं की तान्ही बाळं सगळीच आवाज काढतात, बहिरी सुद्धा. पण स्वतःचाही आवाज ऐकू आला नाही की त्या आवाजांना पुढं वाट मिळत नाही, ते विरून जातात. जे कानात शिरत नाही ते जिभेवर येणार कुठून? पहिली काही वर्षं भाषेच्या पेरणीची असतात. त्यातली बरीच पेरूत गेली होती.

माझं पत्रक मी त्याच आठवड्यात काढलं. मथळा होता 'जीभ निर्दोष आहे'. प्रत्येक बाळाचे कान जन्मल्याबरोबर तपासा, ही त्यातली मागणी होती आणि आजही आहे. बाळ जन्मलं की थाळी वाजवायला आपल्याकडं अख्खं घर हजर असतं. ती बाळाला ऐकू आली का, हे बघायला एकही माणूस नसतो.

कानाची यंत्रं मिळाली. मॅडमनी सांगितलं, जागेपणी कायम कानात पाहिजेत आणि यंत्र लावलं म्हणजे पोर बोललं असं नाही. आता कुठं ती ऐकायला लागेल. तिच्याशी दिवसभर बोला. जवळ बसून, समोर बसून, हातात जी वस्तू असेल तिच्याबद्दल. तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा. घरात दखनी चालेल, बाहेर मराठी चालेल, पण बोला.

"दिवसभर कोण बोलणार?" शबानानं विचारलं. मुजीबभाई छताकडं बघू लागले. मग दोघांच्याही मनात एकच नाव आलं आणि दोघंही घाबरले.

आप्पांची नेमणूक अशी झाली. ते दुसऱ्या दिवशी दाढी करून, नवा शर्ट घालून आणि निवडणुकीच्या रिक्षावरचा भोंगा घेऊन आले. पोरीला कमी ऐकू येतं म्हटल्यावर त्यांचा हिशेब सरळ होता. सना उंबऱ्यावर बसली, आप्पांनी भोंगा तोंडाला लावला आणि म्हणाले, "नमस्कार."

सना किंचाळली. तिनं दोन्ही यंत्रं ओढून फेकली आणि आईच्या मांडीत शिरली. एक यंत्र ऑइलच्या डब्यापाशी सापडलं. दुसरं सापडेना. गॅरेज झाडलं, दादीनं पिंपळाला दोरा बांधायचं कबूल केलं, आप्पा भोंग्यावरून हरवल्याची सूचना देत फिरले.

तिसऱ्या दिवशी एक गुरुजी दुचाकी ढकलत आले. चेहरा पांढरा. ते बायकोला घेऊन कपिलधारला गेले होते. तिथं गाडी उभी केली, किल्ली काढली आणि गाडी शिट्टी मारू लागली. बारीक, लांब, न थांबणारी शिट्टी. लोक जमले. एका बाईनं हँडलला फूल वाहिलं, दुसरीनं उदबत्ती लावली, तिसरीनं गुरुजींच्याच पायावर डोकं ठेवलं. "मुजीबभाई, गाडी बंद असली तरी शिट्टी मारायली," गुरुजी म्हणाले. "मी तिच्यावर बसून आलो न्हाई, टेम्पोत घालून आणली. हिंमतच झाली न्हाई." मुजीबभाईंनी कार्ब्युरेटर उघडला, सायलेन्सर उघडला, मान हलवली: नाही झालं. शबाना आतून पळत आली आणि तिनं गाडीची डिकी उघडली. चालू यंत्र कोंडलं की शिट्टी मारतं, हे मॅडमनी तिला सांगून ठेवलं होतं. फडक्यात गुंडाळलेलं यंत्र अजून बारीक आवाजात ओरडत होतं. त्या दिवशी ही गाडी गॅरेजात दुरुस्तीला होती आणि सनानं फेकलेलं यंत्र तिच्या उघड्या डिकीत पडलं होतं.

या देशात शिट्टी मारणाऱ्या गाडीला फूल मिळतं आणि न ऐकणाऱ्या पोरीला पेरू. हे वाक्य मी पुढच्या पत्रकात घातलं. गुरुजींनी ते मनाला लावून घेतलं आणि माझ्याशी बोलणं सोडलं. फूल मात्र त्यांनी अजून हँडलला ठेवलंय, आता प्लास्टिकचं.

मॅडमनी आप्पांना बीडला बोलावून घेतलं. ओरडायचं नाही, आवाज मोठा करायचं काम यंत्राचं. चार शब्द बोलायचे. आणि मग थांबायचं. हे शेवटचं आप्पांना कळेना. मॅडम म्हणाल्या, तिला ऐकायला वेळ लागतो, समजायला लागतो, समजलेलं तोंडापर्यंत आणायला त्याहून लागतो. तुम्ही मध्येच बोललात की तिची पाळी जाते.

"पन गाडी सुटायची वेळ झाल्यावर थांबायचं कसं?" आप्पांनी विचारलं.

"गाडी तिची आहे, आप्पा. ती आल्याशिवाय सुटत नाही."

त्याच भेटीत मॅडमच्या लक्षात आलं की आप्पा प्रत्येक प्रश्नाला एक कान पुढं करतात आणि तरी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतात. तुमचेही कान बघू का, त्यांनी विचारलं. आप्पा उठलेच. "मला ऐकायचं कुठं हाय? मला बोलायचंय," असं म्हणून ते बाहेर गेले आणि तिथं बसलेल्या पेशंटचे नंबर पुकारू लागले.

वडवणीला आल्यावर थांबण्याचा सराव सुरू झाला. आप्पा सनासमोर मांडी घालून बसायचे, पाना उचलायचे. "सना, हा पाना. पाना. हे काय हाय?" आणि थांबायचे. म्हणजे थांबायचा प्रयत्न करायचे. मान लाल व्हायची, कपाळावरची शीर उठायची, ओठ थरथरायचे आणि मग एकदम "पाना गं, पाना, बारा नंबरचा, हा पूर्वी लई मजबूत यायचा" असा बांध फुटायचा. सना यंत्र काढून त्यांच्या हातात द्यायची.

उपाय काकूंनी काढला. ही हकिकत ऐकायला त्यांनी कानातले बोळे काढले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तोंडात पाणी धरा." बोळे परत घातले.

तेव्हापासून आप्पांच्या उजव्या हाताला तांब्या असायचा. प्रश्न विचारायचा, घोट भरायचा, गाल फुगवून बसायचं. पोरीनं हात केला, बघितलं, काही आवाज काढला की मगच गिळायचं. आयुष्यभर ज्या माणसापासून गाव पळालं त्याला गप्प बसलेलं बघायला गाव जमू लागलं. चहावाला स्टूल घेऊन यायचा. माझा मामा माजलगावची गाडी सोडून थांबला. आणि सना, जी अजून कुठलाही शब्द काढत नव्हती, ती पहिली गोष्ट शिकली ती ही: समोरच्याकडं बघायचं, तांब्या उचलायचा, घोट भरायचा आणि थांबायचं. दोघं समोरासमोर फुगलेल्या गालांनी बसायचे. बोलायची पाळी नक्की कुणाची, हे कुणालाच सांगता यायचं नाही. पुढच्या तपासणीला मॅडमनी खेळण्यातला हत्ती दाखवून विचारलं, हे काय? पोरीनं पाणी मागण्याची खूण केली. वहीत काय लिहावं ते मॅडमना सुचेना.

महिने गेले. आवाज आले, शब्द आला नाही. दादी म्हणू लागली, पेरू बंद केले म्हणून असं झालं. शिवाय तिला आणखी एक चिंता होती. पोरगी बोलली तर त्या कंट्रोलरची जबान बोलेल, आपली नाही. शबाना शिवताना दोरा दातांनी तोडून म्हणाली, "अम्मी, पैले बोलने तो दो. फिर झगडेंगे." पण तिचे हात हल्ली शिलाईत चुकत होते. माझ्या ब्लाउजला तिनं एक बाही उलटी लावली. मी तो तसाच घातला. सना चौथ्या वर्षाकडं निघाली होती. ते चौथं वर्ष शबानाला रस्त्यावरच्या गाडीसारखं येताना दिसत होतं.

आणि एका दुपारी माजलगावची गाडी हलली. आप्पांनी नुकताच विचारून घोट भरला होता, प्रश्न साबणाबद्दल होता. सनानं साबणाकडं बघितलं नाही. तिच्या पाठीमागं, तिला न दिसता, गाडीनं गिअर बदलला होता आणि ती त्या आवाजाकडं मान वळवत होती. "उतली," ती म्हणाली.

सुटली. त्यातले 'स' आणि 'ट' तिला अजून सापडले नव्हते.

आप्पांच्या तोंडातलं पाणी चहावाल्यावर गेलं. मुजीबभाईंनी हातातल्या गाडीचं इंजिन बंद केलं. मग शेजारच्या गिऱ्हाइकाचं बंद केलं. रस्त्यावरून जाणाऱ्या एका अनोळखी मोटरसायकलवाल्याला हात करून थांबवलं आणि त्याचीही किल्ली काढून घेतली. मग सनासमोर गुडघ्यांवर बसले. "क्या बोली?" त्यांनी विचारलं, आणि थांबले.

"उतली," सना म्हणाली.

मुजीबभाई रडले की नाही ते मला माहीत नाही, त्यांच्या तोंडाला ऑइल लागलेलं होतं. तो अनोळखी माणूस मात्र रडला, काय झालं ते न कळताच.

श्रेयावरून आठवडाभर भांडण चाललं. दादी म्हणाली पेरू, जरा उशिरा लागू झाला. चहावाला म्हणाला पाण्याचा तांब्या, जो त्याच्या हॉटेलचा होता. मी पत्रकात लिहिलं: श्रेय तपासणीचं, तीही उशिराच झालेली. आप्पांनी ते पत्रक पुकारलं, पण शेवटी स्वतःचं एक वाक्य जोडलं की माजलगाव गाडी नेहमी वेळेवर सुटते, म्हणून पोरगी बोलली.

पुढं शब्द येत गेले, दोन्ही जबानींचे आणि पुकारण्याच्या सुरात. "अम्मी, चाय लागलेली आहे," असं ती घरात सांगू लागली, तेव्हा दादीनं कपाळाला हात लावला आणि चहाला बसली. बरोबरीच्या पोरांच्या मागं ती होती आणि अजून थोडी आहे. जी वर्षं गेली ती गेली. मी याला गोड शेवट म्हणणार नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी नोकरीसाठी वडवणी सोडली. गाडीत खिडकीशी बसले होते. आप्पा बाकावर होते. आता त्यांना कंडक्टरचं ऐकू येत नव्हतं, त्यामुळं ते बीडच्या गाडीला माजलगाव पुकारत होते. पॅसेंजर पाटी वाचून मुकाट्यानं चढत होते. त्यांना कुणी टाळत नव्हतं, कुणी दुरुस्तही करत नव्हतं. आप्पा बोलत होते, बाजूच्या माणसाला विचारत होते बरोबर हाय का न्हाई, आणि तो माणूस केव्हाच उठून गेलेला होता.

गॅरेजमधून सना आली. पाठीला दप्तर, कानांत यंत्रं. ती बाकाच्या बाजूनं बोलली नाही. समोर गेली, आप्पांची हनुवटी दोन बोटांनी धरली आणि चेहरा आपल्याकडं वळवला.

"आप्पा. घरी चला. काकू जेवायला थांबल्यात. कुठं चलायचं?"

आप्पा तिच्या तोंडाकडं बघत राहिले.

सनानं घाई केली नाही. दप्तरातून बाटली काढली, एक घोट भरला आणि उभी राहिली. माझी गाडी हलली, वळली. स्टँड दिसेनासा होईपर्यंत मी मागं बघत होते. तिचे गाल फुगलेलेच होते.